उणे नऊशे नव्याण्णव

जुलै अर्ध्यावर आला की आमच्या ऑफिसातल्या कागदांना बुरशीचा वास यायला लागतो. अंधेरीला, मरोळच्या एका गल्लीत, बेअरिंगच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खिडक्या बंद ठेवल्या तरी ओल आत शिरते, प्रिंटरमधले कागद एकमेकांना चिकटतात, आणि गावडे सरांच्या खुर्चीमागची भिंत दर वर्षी त्याच कोपऱ्यात फुगते. ह्या दिवसांत कुठलाही आकडा खोडायला माझा हात कचरतो. नव्याने लागलेल्या मुली स्क्रीनवर बोट ठेवून विचारतात, "मॅडम, हे तर सरळसरळ चुकीचं आहे ना? उडवू?" मी म्हणते, "थांब गं जरा. आधी फोन कर." त्या एकमेकींकडे बघतात. मॅडमना पावसाळा बाधतो, असं त्यांच्यात बोललं जातं म्हणे. खोटं नाही ते. एक पावसाळा मला बाधलाच आहे.

आमचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. जगभरच्या नद्यांमधून रोज किती पाणी वाहतं त्याच्या नोंदी गोळा करायच्या, तपासायच्या, एका साच्यात बसवायच्या आणि मागेल त्याला द्यायच्या. धरणाच्या बातमीत 'विसर्ग' म्हणतात ना, तोच. कुणी पूल बांधायला निघालेला असतो, कुणाला शेतीच्या पाण्याचा अंदाज हवा असतो, कुणी कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठात बसून प्रबंध लिहीत असतं. नदी हद्द ओलांडून बिनदिक्कत पुढे जाते, तिचे आकडे मात्र हद्दीपाशी अडतात. वर किती पाणी आलं ते खालच्याला कळत नाही. म्हणून मधे आमच्यासारखे लागतात.

आकडे येतात ते कशाही रूपात. कुठून नीटनेटक्या फायली येतात, कुठून वहीची स्कॅन केलेली पानं. पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ असतं. एका पानावर चिरडलेला डास होता, पंखांसकट स्कॅन झालेला. वाळवंटाकडच्या एका नदीची वही आठवते. महिनेच्या महिने रोज सकाळी जाऊन त्या माणसाने एकच शब्द लिहिला होता, 'कोरडी'. अक्षर कुठेही बिघडलेलं नाही. पाणी नसलेल्या नदीवर रोज जाणारा तो माणूस कसा असेल, असं मनात यायचं. मग पुढचं पान यायचं आणि तो विचार तिथेच राहायचा.

जिथे आकडा नसतो तिथे आम्ही उणे नऊशे नव्याण्णव लिहितो. हा कुणी चुकून खरा समजणार नाही, एवढाच त्यामागचा विचार. मोजणारा आजारी होता, वही भिजली, त्या मुलखात लढाई पेटली, किंवा आलेला आकडा आम्हाला पटला नाही, सगळ्याला एकच उत्तर. उणे नऊशे नव्याण्णव. वीस वर्षांत मी तो किती वेळा लिहिला असेल कुणास ठाऊक. बोटं आपोआप जातात त्या कळांवर.

त्या पावसाळ्यात श्रावण लागायच्या आधीच्या शनिवारी मी मंजूकडे जेवायला गेले होते. मंजू माझी धाकटी बहीण. ती आणि तिचा नवरा अजित बोरिवली पूर्वेला राहतात, दहिसर नदीच्या काठाला, तळमजल्यावर. नदी म्हटलं की तिथलेच लोक हसतात. "कसली नदी, नाला आहे नाला." नॅशनल पार्कातून निघते तेव्हा ती नदी असते. मंजूच्या खिडकीखाली येईपर्यंत तिचं काय झालंय ते वासावरून कळतं. मी मुलुंडहून बस बदलत पोचले तेव्हा पाऊस होता, पण असा काही फार नव्हता. मंजूने सोड्यांची खिचडी केली होती. दोन वाजता आम्ही ताटावर बसलो.

अजितचा पहिला भात संपायच्या आत बाथरूममधून बुडबुड असा आवाज आला. जाळीतून काळं पाणी वर येत होतं. मंजूने जाळीवर पाट टाकला, पाटावर वरवंटा ठेवला, आणि हात धुऊन परत जेवायला बसली. "होतं गं हे दर वर्षी." दोन घास झाले असतील. पाट वरवंट्यासकट डुलायला लागला.

मग सगळं एकदम झालं. पाणी दारातून येईल म्हणून आम्ही दाराकडे बघत होतो, ते आलं संडासातून, मोरीतून, फरशीच्या सांध्यांमधून. अजित खुर्चीवर चढून मेन स्विच बंद करत होता. मंजू कपाटातल्या फायली माळ्यावर फेकत होती. मी काय करत होते? मी खिचडीचं पातेलं हातात धरून उभी होते. ते कुठे ठेवायचं हे मला सुचत नव्हतं. गॅसचा सिलिंडर आडवा झाला आणि तरंगत माझ्या पोटरीला येऊन लागला.

"ताई, टाक ते! बाहेर पडायचंय!" अजित ओरडला.

दार फुगलं होतं. कडी निघाली पण दार हलेना. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं आणि तिघं मिळून आम्ही ते दार आत ओढत होतो. मंजू एकदाच म्हणाली, "अजित, निघत नाहीये रे." आवाज अगदी हळू. माझ्या बहिणीचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता, परत ऐकायची इच्छा नाही. मग एका हिसक्यात दार सुटलं, बाहेरचं पाणी आमच्या अंगावर आलं, आणि भिंतीला धरून धरून आम्ही जिना गाठला.

पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी आम्हाला आत घेतलं. मी मात्र जिन्यातच उभी राहिले. खाली पाणी एकेक पायरी घेत होतं. त्यात चपला, कुंड्या, कुणाचं तरी शाळेचं दप्तर. मंजूच्या दारातून स्विचबोर्ड दिसत होता. तो अर्धा बुडला, मग दिसेनासा झाला. मंजू आत असती तर पाणी तिच्या छातीच्या वर आलं असतं.

उतरलंही तितक्याच झपाट्याने. संध्याकाळी पाचला चिखलच उरला होता.

रविवारी आम्ही खराटे घेऊन तो चिखल उपसत होतो, तेव्हा कुठल्याशा सर्व्हेचे एक गृहस्थ आले. खांद्याला बॅग, हातात छापील तक्ता. पाणी किती आलं होतं, त्यांनी विचारलं. अजितने स्वतःच्या छातीवर आडवा हात धरला.

ते हसले. "काय राव. एवढं कसं येईल? आजूबाजूला सगळीकडे गुडघ्याएवढंच सांगतायत. मी दोन फूट लिहितो."

"दोन फूट?" मंजू खराटा टाकून पुढे आली. "हा स्विचबोर्ड बघा. ह्यात चिखल कुणी भरला, मी? अहो, मी होते इथे! तुम्ही होता का?"

"वहिनी, तुम्ही घाबरलेल्या असता ना, तेव्हा जास्त वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी तक्त्यात दोन लिहिलं.

मंजू नंतर भांडी घासताना रडली. घर गेलं म्हणून ती रडली नव्हती. गादी, फ्रिज, लग्नातल्या साड्या चिखलात बघूनही तिच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. मी तिच्या शेजारी भांडी विसळत होते. तो माणूस उर्मट नव्हता. वाईटही नव्हता. तो आपलं काम करत होता. न पटणारा आकडा त्याने पटेल असा करून घेतला. हे काम मला चांगलं माहीत होतं. मी तेच करते.

आणि तेव्हा मला ती ओळ आठवली.

चार वर्षांपूर्वीची. नेपाळच्या डोंगरातली एक नदी, नाव इथे लिहीत नाही. तिच्या काठावर सहा मीटर उंचीची मोजपट्टी रोवलेली होती, आणि एक माणूस सकाळ-संध्याकाळ जाऊन पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहायचा. अशा माणसाला आमच्यात गेज रीडर म्हणतात. वर्षभराची पानं आली होती. एक मीटर दहा, एक मीटर चाळीस, दोन मीटर. आणि भर पावसाळ्यातल्या एका सकाळी, आठ मीटर चाळीस. सहा मीटरच्या पट्टीवर आठ चाळीस कसं वाचणार? मला वाटतं मी चहा घेत होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अशक्य. बहुधा वाचणाऱ्याची चूक.' आणि त्या दिवसापुढे उणे नऊशे नव्याण्णव. दीड मिनिट लागलं असेल. बरोबर केलं, असंच मला वाटलं होतं. नियमाने ते बरोबरच होतं.

सोमवारी ऑफिसला जाऊन मी सगळ्यात आधी ती फाईल उघडली. ओळ तिथेच होती. मी खाली सरकत गेले. त्या पावसाळ्यानंतर तीन महिन्यांनी नोंदी थांबल्या होत्या. पुढे सगळी उणे नऊशे नव्याण्णव, पानामागून पान. इतकी वर्षं मी ती पानं बघितली होती आणि मला वाटलं होतं, कंटाळले असतील, सोडून दिलं असेल.

मग पाठवलेल्या फायलींची यादी बघितली. तीन आठवड्यांपूर्वी मीच ती फाईल पाठवली होती. त्याच खोऱ्यात, थोडं खाली, एक झुलता पूल व्हायचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. त्याच्या इंजिनीअर सृजना मॅडमनी मागितलं होतं, 'आजवर सर्वांत जास्त पाणी किती आलं, तेवढं सांगा. पूल किती उंच ठेवायचा ते त्यावर ठरेल.' आमच्या फायलीतलं सर्वांत जास्त पाणी चार मीटरच्या आसपास होतं.

गावडे सर आमचे प्रमुख. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, परळच्या एका खोलीत सात जण राहून हे शिकले. शांत माणूस. पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध जायला लागली की त्यांची मालवणी बाहेर येते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"अनघा, चार वर्षं ही फाईल जगभर गेलीय. तू तपासलीस, खाली माझी सही आहे. आता आपण म्हणायचं की आम्हाला परवा बोरिवलीला पूर बघून शंका आली?"

"सर, मंजूकडे..."

"मंजूकडे काय झालं ते मला कळतंय. पण तू भावनेच्या भरात एक आकडा काढलास नि दुसरा घातलास, तर उद्या आपल्या कुठल्याही फायलीवर कोण विश्वास ठेवणार?" मग ते थोडे पुढे झुकले. "तू सांगतंस ता खरा असात गे. पण पुरावो खंय आसा?"

पुरावा नव्हता. चार वर्षांपूर्वी मी तो मागितलाच नव्हता.

मी सृजना मॅडमना मेल केलं की थांबा, त्या आकड्यात चूक असू शकते. उत्तर आलं नाही. फोन लावला तर त्यांच्या ऑफिसातून कळलं की मॅडम साइटवर आहेत, तिथे रेंज येते तेव्हा येते. पायाचे खड्डे खणून झाले, आठवड्याभरात काँक्रीट.

आठवडा. बाहेर पाऊस धरूनच होता. त्या दिवसांत मला पाऊस दिसत नव्हता, ऐकू यायचा फक्त. खाली दुकानाच्या पत्र्यावर तो पडत राहायचा आणि मी फोन लावत राहायचे. तिकडे ती मोजणी केंद्रं चालवणारी एक छोटी संस्था होती. तिथल्या कारकुनाने पहिल्या दिवशी सांगितलं की जुन्या वह्या पोत्यात भरल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सांगितलं की पोती सापडत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "और वो आदमी? जो रीडिंग लेता था?"

"तिलकमान? उसको तो निकाल दिया ना मॅडम. आप लोगोंने ही लिखा था, रीडिंग गलत देता है. साहब बोले घर बैठके लिखता होगा. फिर दूसरा कोई मिला नहीं, केंद्र बंद हो गया."

मी फोन ठेवला. आमच्या शेऱ्यांची यादी दर वर्षी त्या त्या संस्थेला जाते. जाते, हे मला माहीत होतं. तिथे ती कुणीतरी वाचत असेल, त्यावरून कुणाला तरी समोर उभं करत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. 'बहुधा वाचणाऱ्याची चूक.' तीनच शब्द. मी तेव्हा 'बहुधा' लिहिलं होतं. तिथे पोचेपर्यंत त्यातलं 'बहुधा' गळून गेलं होतं.

त्याचा नंबर गावातल्या एका दुकानदारामार्फत मिळाला. दुकानदाराने हाक मारली, मग बराच वेळ फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी चढ चढून येतंय तसा श्वास.

"हां, बोलिये."

मी नाव सांगितलं. मुंबईहून बोलतेय म्हटलं. तर त्याचा सूर उजळला. "मुंबई! मैं था ना उधर. जुहू में, होटल के किचन में. सात साल." मग मी नदीचं नाव घेतलं, ती तारीख सांगितली.

"वो गलत मैंने लिखा था," मी म्हटलं. "मतलब, आपका रीडिंग गलत है ऐसा मैंने लिखा था."



"आप थे वो," तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "मॅडम, पूरा गांव ऊपर भाग गया था. मैं अकेला नीचे गया, क्यों कि सुबह का टाइम था, रीडिंग का. गेज डूब गया था. मैं मंदिर के पास खडा रहा. और बाद में साहब सबके सामने पूछते हैं, कितना पिया था उस दिन."

"आपके पास कुछ लिखा हुआ है? एक पुल बन रहा है नीचे, उसके लिए..."

"अब क्यूं चाहिये?" आणि फोन बंद झाला.

परत लावला तर दुकानदार म्हणाला, "गया वो. नाराज है."

ते दोन दिवस कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मुलुंडच्या घरी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. सकाळी केस विंचरताना हात थांबायचा. एका दरीत खड्डे खणून तयार आहेत, सिमेंटच्या गोणी ताडपत्रीखाली आहेत, चार मीटरच्या हिशोबाने दोर ताणले जातील, आणि त्यावरून पोरं शाळेत जातील. मंजूला फोन केला की ती विचारायची, "तुला काय झालंय? पूर माझ्याकडे आला होता, तुझ्याकडे नाही." मी तिला सांगू शकत नव्हते की त्या तक्तेवाल्या गृहस्थांच्या जागी मी उभी आहे.

शुक्रवारी दुपारी डबा खाताना मोबाईल वाजला. अनोळखी नंबर, एक फोटो. मजकूर काही नाही. वहीचं पान होतं. संस्थेला द्यायच्या वहीशिवाय तो स्वतःची एक ठेवत असे, हे मला नंतर कळलं. तेच आकडे, तेच अक्षर. आमच्याकडे आलेल्या स्कॅनमध्ये पानाची उजवी कड दुमडली गेली होती. इथे ती उघडी होती, आणि तिथे बारीक अक्षरात नेपाळीत लिहिलं होतं, 'गेज डुब्यो। मन्दिरको चौथो खुड्किलोसम्म पानी। डोरीले नापेको।'

लिपी आपलीच. अर्थ लावायला कुणी लागलं नाही. गेज बुडालं, देवळाच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी, दोरीने मोजलंय. त्याखाली एक लहानशी बेरीज. पाणी उतरल्यावर त्याने पट्टीच्या माथ्यापासून त्या पायरीची उंची दोरीने घेतली होती. दोन मीटर चाळीस. पट्टी सहाची. आठ चाळीस.

मी डबा तसाच ठेवून सरांच्या टेबलाशी गेले. सरांनी फोटो मोठा केला, बेरीज वाचली, परत वाचली. मग ते खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"ह्या माणसाला कामावरून काढलं?"

"हो."

"मेल्यांनो," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. बहुतेक आम्हा दोघांनाच.

सृजना मॅडमना फोटो गेला, मेलवर, मेसेजवर, त्यांच्या ऑफिसातल्या दोघांच्या फोनवर. शनिवार गेला. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, घोंघावत्या वाऱ्यात. "हम कल डालनेवाले थे," त्या म्हणाल्या. काँक्रीट. मग म्हणाल्या, "रोक दिया है. मैं खुद उस मंदिर पे जा रही हूं."

त्या गेल्या. तिलकमानने जवळ उभं राहून पायरी दाखवली. त्यांनी त्यांच्या यंत्राने उंची घेतली. तिलकमानच्या दोरीत आणि यंत्रात वीतभराचाही फरक आला नाही. जुने खड्डे बुजवले गेले. पूल वरच्या टप्प्यावर सरकला, तो पुरा व्हायला एक वर्ष जास्त लागलं. त्या वर्षी मुलांना लांबच्या वाटेने जावं लागलं, आणि त्याबद्दल गावात बरीच कुरकुर झाली, असं मॅडमनी कळवलं.

दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं. ज्यांनी ज्यांनी ती फाईल नेली होती, त्या सगळ्यांना ते जायचं होतं. आकडा योग्य होता, आमची तपासणी चुकली, वाचणाऱ्याची यात काहीही चूक नव्हती, असं सरळ. खाली माझं नाव. सरांनी वाचलं, पेन काढलं आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं घातलं.

"सर, शेरा मी लिहिला होता."

"सही माझी होती ना? मग." आणि पुढे म्हणाले, "त्या संस्थेला वेगळं पत्र लिही. गावात सगळ्यांसमोर वाचायला सांग."

वाचलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तिलकमानला परत बोलावलं एवढं खरं. तो गेला नाही. गुडघे धरतात म्हणाला. पण त्याची मुलगी गेली, आणि ऑक्टोबरपासून त्या फायलीत पुन्हा आकडे यायला लागले. एक मीटर पाच. नव्वद सेंटिमीटर. मधली चार वर्षं तशीच आहेत. तिथे काय वाहून गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या रिकाम्या ओळींवरून मी अजूनही पटकन खाली सरकते.

मी त्याची माफी मागितली का? मागितली, दोनदा. पहिल्यांदा तो "ठीक है, ठीक है" म्हणाला, आणि ते ठीक नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसऱ्यांदा त्याने विषयच बदलला, जुहूला अजून त्या गल्लीत ते हॉटेल आहे का, विचारलं. मी मुद्दाम एकदा जाऊन बघून आले. नव्हतं. तिथे आता काचेची इमारत आहे. ते त्याला सांगितल्यावर मात्र तो हसला. "सब बदलता है मॅडम, लिखके रखना चाहिये." त्यानंतर तो अधूनमधून फोन करायला लागला. कामाचं काही नसतं. त्याच्याकडे मका कसा आहे, मुलीने आज किती वाजता रीडिंग घेतलं, असलंच काहीतरी.

त्याच वर्षी, भाद्रपदात, एकदा असाच त्याचा फोन आला तेव्हा मी मंजूकडे होते. घर सुकलं होतं, रंग व्हायचा होता, अजित नवा स्विचबोर्ड उंचावर बसवून घेत होता. बाहेर सकाळपासून पाऊस लागला होता आणि आम्ही तिघंही एकमेकांना न सांगता बाथरूमच्या जाळीकडे बघत होतो.

"आवाज आ रहा है पानी का," तिलकमान म्हणाला. "आपके उधर भी नदी है?"

"है ना. घर के बगल में."

"कितना है आज?"

मी खिडकीतून बघितलं. जगातल्या कुठल्या कुठल्या नद्यांचे आकडे माझ्याकडे होते. ह्या नदीचा एकही नव्हता.

"मालूम नहीं."

"तो देखके बोलिये. मैं रुकता हूं."

मी छत्री घेतली. मंजू म्हणाली, "अगं, कुठे निघालीस ह्या पावसात?" मी हाताने थांब म्हटलं आणि फोन कानाशी धरून पुलापर्यंत गेले. पुलावर दोघं-तिघं थांबून खाली बघत होते. मीही कठड्यावरून वाकले. पाणी चहाच्या रंगाचं, जोरात निघालेलं, थर्माकोलचे तुकडे गरगर फिरत चालले होते.

"घुटने तक होगा," मी म्हटलं.

मग त्याने विचारलं, "किसके घुटने तक?"